वेशीतली गोदामावशी

भाव सांगण्याआधी गोदामावशी बांगड्या भरायची. पंजा दाबून, बोटं वळवून डझनभर काचेच्या बांगड्या मनगटावर चढवल्या की मग भाव. तोवर उतरवायच्या म्हटलं तर फोडाव्या लागणार. आसेगाव, किन्हीराजा अशा आसपासच्या गावांतल्या बायका आधी चिडायच्या, मग हसत पैसे काढायच्या. घासाघिशीत मी कुणाला हार जात नाही, पण शिकलो तिच्याकडे बघूनच.

शहराच्या जुन्या वेशीत, पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या दगडी देवडीत ती बसायची. मी हातगाडीवर भांडी विकायचो, तेव्हा पावसापाण्यात अर्धी देवडी तिनं मला दिली. पुढे वेशीसमोरच माझं दुकान झालं. गिऱ्हाइकावर माझा आवाज चढला की देवडीतून ऐकू यायचं, "बाबू, आवळल्या मुठीत बांगडी जात नाई."

मग वेशीची दुरुस्ती निघाली. लोखंडी नळ्यांची परांची, हिरवी जाळी, रस्ता बंद. थोड्याच दिवसांचं काम, असं ठेकेदार म्हणाला. मावशीची पेटी माझ्या दुकानाच्या पायरीवर आली. बसस्टँडच्या वळशाने गिऱ्हाईक येईना. मी रोज ठेकेदाराशी भांडायचो. मावशी भांडली नाही. सकाळी आली की जाळीकडे बघून विचारायची, "खुली झाली काय रे?" काम थोडं चालायचं, बराच काळ बंद असायचं. संक्रांत म्हणजे बांगड्यांचा हंगाम; अशा दोन संक्रांती तिनं पायरीवर काढल्या.

एकदा खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाली, "मी या वेशीतून सून म्हून आली. न्या बी मले इथूनच."

आमच्याकडे तिरडी वेशीत टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि मगच पुढे नेतात. मावशी गेली तेव्हाही परांची उभीच होती. मी ठेकेदाराला गाठलं. आधी आवाज चढलाच. मग मूठ सोडली आणि हात जोडले. दोन नळ्या काढ, तासाभरात परत लाव, एवढंच मागितलं. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, कमान त्या नळ्याइवरच उभी हाये. काढली अन् खाली आली तं?"

त्यावर घासाघीस होत नव्हती.

तिरडी जाळीबाहेर टेकवली, खांदेकरी बदलले आणि तिला बसस्टँडच्या वळशाने नेलं.

आता वेस खुली आहे. संध्याकाळी दिवे लागतात, पोरं फोटो काढतात. देवडीला गज बसवलेत, आत कुणी बसू नये म्हणून. माझं घर वेशीपलीकडे आहे. दुकान बंद करून मी अजून बसस्टँडच्या वळशानेच जातो. लोक विचारतात, काहून? सवय पडली, असं सांगतो.