शेवटच्या बाकावरचे घरमालक

आमच्या घरमालकांइतका चुळबुळ्या माणूस सबंध मुळशी तालुक्यात दुसरा सापडणार नाही, आणि या माणसाने जवळजवळ वर्षभर माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून दुसरीचं शिक्षण घेतलं. ‘बसून’ हा शब्द मी आपला सवयीने लिहिला. आबा बसत नाहीत. ते टेकतात, आणि टेकता टेकताच उठायची तयारी करतात. नांद्यातल्या त्यांच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. नळ गळतो म्हणून बोलावलं तर ते आधी फ्रिज सरकवून पाहतात, मग खिडक्यांच्या कड्या लावून बघतात, आणि नळ तसाच गळत ठेवून गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला जातात. लग्नाला गेले तर हातातल्या अक्षता नवरदेवावर पडायच्या आत पुढच्या लग्नाच्या वाटेला लागलेले असतात. मी दिलेला चहा त्यांनी आजवर कधी संपवलेला नाही. अर्धा कप जिन्याच्या कठड्यावर सापडतो, आणि आबा खाली रस्त्यावर कुणा अनोळखी माणसाचा टेम्पो ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत मागे घेत असतात. शाळेच्या कुंपणापलीकडची भाताची खाचरं बिल्डरला दिल्यापासून हे वाढलं, असं त्यांची सून सांगते. पहाट झाली की अंग उठतं, पण जायचं कुठं ते त्याला कळत नाही.

त्यांची नात शिवन्या, म्हणजे शिवू, आमच्या शाळेत येते. शिवू स्वमग्न आहे. बोलते थोडं, बघते पुष्कळ. मोठा आवाज झाला की कानांवर हात ठेवते, आणि फारच झाला तर उठून थेट फाटकाकडे पळत सुटते. ती दुसरीत गेली तेव्हा प्रिन्सिपल मॅडमनी अट घातली की शॅडो टीचर, म्हणजे दिवसभर तिच्याशेजारी बसणारी मदतनीस, घरच्यांनी स्वतः आणावी, नाहीतर शिवूला वर्गात ठेवता येणार नाही. एक मुलगी आली, तिला हिंजवडीत नोकरी लागली. दुसरीला पुण्याहून रोजचं येणंजाणं झेपेना. शिवूचे आईवडील दोघंही नोकरीवाले. मॅडमनी आठवड्याची मुदत दिली. सोमवारी सकाळी कडक इस्त्रीचा लेंगा, पांढरी टोपी आणि गळ्यात शिवूची गुलाबी पाण्याची बाटली अशा थाटात आबा ऑफिसच्या दारात उभे. “मीच बसतो की. तसं बी घरी काय करतुया?” दुसरं कुणी मिळेपर्यंत म्हणून मॅडमनी होकार दिला, आणि दुसरं कुणी काही मिळालं नाही.

आता घरमालकाला ‘गप्प बसा’ कसं म्हणायचं, हे बी. एड.ला कुणी शिकवलेलं नसतं. आबांचा गुडघा सतत हलायचा, त्याने बाक हलायचा, त्याने पुढच्या बाकावरच्यांची अक्षरं वाकडी यायची. श्रुतलेखन ऐन रंगात आलं की ते उठून पंख्याखाली जायचे, मान वर करून त्याचा आवाज ऐकायचे आणि “बेरिंग गेलंय बाई” असं जाहीर करायचे. वनस्पतीचे भाग शिकवायचे होते तर आदल्या दिवशी मला न विचारता एक आख्खं एरंडाचं झाड मुळासकट उपटून घेऊन आले. त्यातून निघालेल्या मुंगळ्यांनी तो तास संपवला. आणि घंटा कधी होणार, हे वर्गात सगळ्यांत जास्त वेळा तेच विचारायचे. शिवू मात्र या सगळ्याच्या शेजारी आपली पट्टी बाकाच्या कडेवरून फिरवत शांत बसायची. पुढे एक दिवस तर ती आबांच्या हलणाऱ्या बाकाला वैतागून उठली आणि आपलं दप्तर घेऊन इक्राच्या बाकावर जाऊन बसली. इक्राच्या वडिलांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे, पोरगी मोठी हिशेबी. तिने मधोमध खडूने रेघ मारली आणि शिवूला तिची बाजू दाखवून दिली. शिवूला ती रेघ फार आवडली.

दुसरं सत्र संपताना मॅडम वर्गात बसायला येणार होत्या. शिवूला ठेवायचं की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं. आदल्या संध्याकाळी आबांनी मला जिन्यात गाठून विचारलं, “न्हाई ठिवली तर कुटं न्यायची पोरीला?” दुसऱ्या दिवशी ते दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरून बसले. त्या दिवशीइतका स्थिर बाक वर्षभरात झाला नव्हता. वाचन सुरू झालं आणि कुंपणापलीकडे खडक फोडायचा ब्रेकर सुरू झाला. खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. शिवूचे हात कानांवर गेले. आता ही पळणार, आणि मॅडम ते बघणार.

पळाले आबा. टोपी बाकावर राहिली, माणूस दारातून नाहीसा झाला आणि क्षणात कुंपणापाशी उभा राहून ओरडताना दिसला. सगळा वर्ग खिडकीकडे धावला. शिवू तेवढी बाकाखाली गेली. तिच्यामागून इक्रा पुस्तक घेऊन खाली शिरली, मग मीही जमिनीवर बसले आणि तिथूनच मोठ्याने पुढचं वाचू लागले. हळूहळू पोरं येऊन भोवती बसली. एक हात कानावर तसाच ठेवून शिवूने दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर ठेवलं आणि माझ्याबरोबर शेवटपर्यंत सरकवत नेलं. ब्रेकर थांबला नव्हता.

आबा धुळीने माखून परतले. “बंद करत न्हाईत,” ते दारातूनच म्हणाले. “म्हन्त्यात, आबा, आता जिमीन तुमची न्हाई.” मॅडम उठल्या, आबांची टोपी त्यांच्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाल्या, “शिवन्या राहील. तुम्ही मात्र उद्यापासून येऊ नका.”

परवा संध्याकाळी आबा वर आले. मी चहा दिला. शिवू इक्राचा हात धरून फाटकातून आत जाते, असं ते सांगत होते. “मागं वळून बी बघत न्हाई. ब्येस झालं न्हाई का बाई?”

“छान झालं, आबा.”

“तुमच्या शाळंत घंटा वाजवायला मानूस लागत आसंल न्हाई?” ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे न बघता स्वतःच मान हलवली. “नगं. तिला आवाज सोसत न्हाई.”

खाली कुणाचा तरी टेम्पो मागे येत होता, हॉर्न वाजवत होता. आबा उठले नाहीत. चहा नेहमीसारखाच अर्धा राहिला होता, गुडघा मात्र हलत नव्हता. मी आपली उगीचच त्यांना म्हणाले, “आबा, नळ पुन्हा गळतोय, जरा बघता का?” नळ काही गळत नव्हता.