वाकळे मिस्त्रींचं उसनं नाक

भगवंत वाकळे मूळचे हिंगोलीकडचे. वीस वर्षं सुरतेत कापडाचा लूम चालवला आणि मग तिथेच कोसाडला गॅरेज टाकलं. कोविडनंतर त्यांना वास येईनासा झाला. गॅरेजवाल्याला हे परवडत नाही, पण वाकळ्यांचं घर गॅरेजच्या मागेच होतं आणि घरात बायकोचं, धुरपदाबाईंचं नाक शाबूत होतं.

धर्मेंद्र दुपारी पांढरी जुनी गाडी घेऊन आला. सुरतेजवळ हजीऱ्याच्या एका गॅस प्लांटमध्ये तो इंजिनियरांची ने-आण करतो. गाडी त्याने याच वर्षी दुसऱ्याकडून घेतली होती.

"मिस्त्री, गेटवाला म्हणतो, गाडीला पेट्रोलचा वास येतो. कल से अंदर नहीं. उद्या सहाला गेटवर नसलो तर कंत्राट गेलं."

प्लांटचं म्हणणं रास्तच होतं. जिथे हवेत गॅस शोधायला यंत्रं बसवलेली, तिथे वास घेऊन येणाऱ्याचं स्वागत कोण करणार?

"कधी येतो वास?"

"टाकी भरली की. एरवी नाही."

गळती असती तर डाग पडला असता. डाग नव्हता. म्हणजे पेट्रोल नाही, त्याची वाफच बाहेर पडत होती. वाकळ्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ये जरा!"

धुरपदाबाई पिठाच्या हातानेच आल्या. गाडीभोवती फिरल्या, मागच्या चाकाशी वाकल्या.

"झाकणाशी काही नाही. इथं आहे, आतल्या अंगाला. आन् ओ, त्या भाऊला बिडी विझवायला सांगा की."

धर्मेंद्रने बिडी लगेच चुरगाळली.

गाडी उचलली. टाकीतली वाफ ती शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे नेणाऱ्या रबरी नळीत वाकळ्यांनी सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा सोडली आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर बारीक बुडबुडे उठले. तिथे क्लिप नव्हती. साडीच्या काठाची पट्टी गुंडाळून गाठ मारली होती.

"कुठल्या गाढवाने बांधलं हे?" धर्मेंद्र म्हणाला.

वाकळे गाठीकडे बघत राहिले. तुटलेला धागा जोडताना लूमवाले मारतात तीच गाठ, पण शेवटचा वेढा डावीकडून. असा वेढा कोसाडात एकच माणूस मारतो. दोन वर्षांपूर्वी क्लिप मिळाली नव्हती म्हणून त्यांनीच ती मारली होती. गाडी तेव्हा दुसऱ्याची होती.

"मीच," ते म्हणाले.

"अहो, गाठ घट्ट आहे की!" धुरपदाबाईंनी नवऱ्याची बाजू सांभाळली.

"गाठ घट्टच आहे. नळी तिच्याखाली चिरली."

त्यांनी नवी नळी घातली, दोन्ही टोकांना क्लिप लावल्या आणि पुन्हा फेस लावला. बुडबुडे आले नाहीत. धर्मेंद्रने टाकी भरून आणली. धुरपदाबाईंनी तीन फेऱ्या मारल्या आणि त्या पोळ्यांकडे परतल्या.

प्लांटच्या आत फोन नेता येत नाही, ड्रायव्हर तो बंद करून गेटवर जमा करतात. त्यामुळे सकाळी धर्मेंद्रचा फोन आला असता, तर गाडी परत पाठवली असाच त्याचा अर्थ झाला असता. सहा वाजले, साडेसहा वाजले. सात वाजता वाकळ्यांनी धर्मेंद्रला स्वतःच फोन लावून पाहिला. तो बंद लागला. तेव्हा कुठे त्यांनी चहा मागितला.