बारकी जुडी

मी महादेवराव, साखरखेर्ड्याच्या मराठी शाळेचा हेडमास्तर आणि त्याच शाळेच्या कोपऱ्यातल्या टपाल कचेरीचा पोस्टमास्तर. सरकारने एकाच डोक्यावर दोन टोप्या चढवल्यामुळे हे डोकं बारा महिने तापलेलं असतं, असं गाव म्हणतं. म्हणू दे बापडं. या गावात पत्ता धड लिहिता येणारी चार माणसं निघणार नाहीत, आणि माझ्या डोक्याची काळजी मात्र साऱ्यांना.

त्या चारांतली एक शाळेसमोरच राहते. जहांआराभाभी, सईद बांगडीवाल्याची बायको. तिचं मराठी माझ्या शिकवण्याने सुधारलं असं मी गावात सांगत असे. ते खोटं आहे, हे आता लिहून टाकतो.

सईदभाई लोणार, मेहकर, दुसरबीडचे बाजार करतो. त्याचा माल जालन्याहून येतो, आणि बांगड्या फुटू नयेत म्हणून पेट्यांत जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली असतात, उर्दू, हिंदी, मराठी, हाताला लागतील ती. पेटी उघडली की बांगड्या नवऱ्याच्या आणि कागद बायकोचे, अशी त्या घरातली वाटणी. भाभी एकेक चुरगळलेलं पान मांडीवर सारखं करायची, तांब्यात निखारे घालून त्यावरून फिरवायची आणि मग चुलीपुढे बसून वाचायची. जाहिरातीसुद्धा सोडायची नाही. त्यात कुठे क्रमशः चालणारी गोष्ट निघाली की पंचाईत. गोष्टीतली बाई विहिरीच्या काठावर उभी, आणि पुढचं पान कुणाच्या हिरव्या चुड्याभोवती गुंडाळून अकोल्याला गेलेलं! मग तिचं काय झालं ते भाभी स्वतःच लिहून काढायची. मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं मी तिला देत असे. त्या बाईला तिने एकदाही विहिरीत पडू दिलं नाही, एवढं मला माहीत आहे.

अशाच एका पानावर नागपूरच्या बायकांच्या मासिकाची सूचना तिला दिसली. उर्दूतून मराठी करणारं कुणी हवं होतं. तिने पत्र टाकलं. तेव्हापासून सात वर्षं संपादिकाबाई तिला उर्दू मासिकं पाठवत होत्या आणि भाभी त्यातल्या गोष्टी मराठीत करून धाडत होती. गोष्टीखाली बारीक टाइपात छापून यायचं, ‘अनुवाद : जहांआरा’. ती पाकिटं माझ्या हातून शिक्का बसून जात. माझ्या कविताही त्याच मासिकाकडे जात आणि न चुकता परत येत. परत आलेल्या पाकिटावर मी शिक्का जरा जोरातच हाणत असे.

भाभीच्या कामाची एक रीत होती. मराठी मजकूर तयार झाला की ती तो गोजरबाईला वाचून दाखवायची. गोजरबाई शेजारची माळीण, साठीची, अक्षरशत्रू. दुपारी भाभीच्या ओसरीवर बसून ती दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायची. समोर पाल्याचा ढीग, दातात अंबाडीचा दोरा. भाभी वाचायची, गोजरबाईचे हात चालायचे. हात चालू आहेत तोवर वाक्य ठीक. हात थांबला की भाभीही थांबायची.

“काऊन थांबल्या, माय?”

“हे काय बोलली ते बाई? असं कोनी बोलते का? नवऱ्यावर संतापली तं भांडं आपटीन. ‘माझ्या अंतःकरणाला’ कायले म्हनीन?”

की भाभीची पेन्सिल चालली. अंतःकरण गेलं, भांडं आलं. ‘अंतःकरण’ माझ्याकडून घेतलेलं होतं, हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

आता यंदाच्या भाद्रपदातली गोष्ट. मासिकाचं पत्र आलं. नेहमीसारखं कार्ड नव्हतं, जाड लिफाफा होता. भाभीने तो उंबऱ्यातच फोडला आणि तिथेच मटकन बसली. संपादिकाबाईंनी लिहिलं होतं की, ‘उर्दूवरून’ म्हणून तुम्ही पाठवलेली भाजीवालीची गोष्ट आम्हां सर्वांना फार आवडली. ती दिवाळी अंकात पहिल्या पानावर घालायची आहे. मात्र मूळ लेखिकेचं नाव आणि मूळ उर्दू गोष्ट उलट टपाली पाठवावी.

मला वाटलं, ही आनंदाने बसली असेल. दोन दिवसांनी ती स्वतः कचेरीच्या खिडकीशी आली. डोक्यावरचा पदर सावरत तिने कागदांची चळत आत सरकवली.

“मास्तरसाहेब, तुम्ही जालन्याले उर्दू शिकले ना? हे एवढं पाहून द्या. बरोबर वाटते का ते.”

वर लेखिकेचं नाव होतं, लखनौच्या कुणा बेगमेचं. मी वाचू लागलो. एक म्हातारी भाजीवाली. बाजाराच्या आदल्या दिवशी ती साऱ्या जुड्या बांधते आणि शेवटी एक अगदी बारकी बांधते, लहान लेकराच्या मुठीत मावेल एवढी. ती कधी विकत नाही. गिऱ्हाइकाने मागितली तर म्हणते, हे इकाची नाही. बाजार उठला की परतताना ओढ्याकाठच्या बोरीखाली ती जुडी ठेवते, कारण मानमोडीच्या तापाच्या साथीत गेलेली तिची लेक तिथे पुरलेली आहे. त्या पोरीला आईसारखी जुडी बांधायची भारी हौस होती. मोठी तिच्या हातात मावत नसे.

मी चष्मा काढून पुसला. मग मास्तर जागा झाला.

“भाभी, ही लखनौची बेगम साखरखेर्ड्याला कधी येऊन गेली? आपल्या ओढ्याकाठची बोर तिला कशी दिसली? आणि हे उर्दू पाहा, प्रत्येक वाक्यात अडखळतंय. मूळ लिहिणारं माणूस असं अडखळत नाही. मराठीवरून ओढूनताणून उर्दू केलंय तुम्ही!”

आपल्याच गोष्टीचा अनुवाद करून त्याला मूळ म्हणायचं, ही चूक सात वर्षं नुसते अनुवाद केलेल्या माणसालाच सुचायची. भाभी आधी हसली. मग तिचे डोळे भरून आले.

“मीच लिहिली, मास्तरसाहेब.”

“मग तसं सांगायचं होतं! पहिल्या पानावर घेताहेत, लाज कसली?”

“आजवर दुसऱ्याचंच लिहीत आली मी. माहं म्हनून कसं धाडू? अन् ते माहं तरी कुठी हाय? गोजरमायचं हाय. मी मागच्या दारातून तिले बोरीखाली पाह्यलं, पोरीचं गावात ऐकलं अन् घेतलं. तिले विचारलंबी नाही.”

“तिला वाचून दाखवली?”

“तेवढी एकच नाही दाखवली.” तिने खिडकीचा गज घट्ट धरला. “वीस वर्सं झाले, तिनं पोरीचं नाव नाही काढलं तोंडातून. ते रागावली अन् ओसरीवर याची बंद झाली, तं मी कोनाले वाचून दाखवू? मले दुसरं कोन हाय ऐकाले?”

सईदभाई महिन्याचे वीस दिवस बाजारात, पोटी मूल नाही, आणि गावाला तिच्या लिहिण्याची टवाळीच सुचायची. त्या म्हातारीच्या कानांवर या बाईचं सगळं लिहिणं उभं होतं, जगणंही. एका गोष्टीपायी ते पणाला लावणं सोपं नव्हतं. हे मला कळत होतं, तरी मी तोंडाने फटकळच.

“खोट्या मुळाचं पाकीट मी घेणार नाही,” मी ठोकून दिलं. टपालखात्यात असा काही नियम नाही. “उद्या संध्याकाळी पिशवी मेहकरला जाते. त्याआधी काय ते ठरवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळा मॉनिटरवर सोडली आणि एक रिकामं रजिस्टर काखेत मारून भाभीच्या ओसरीच्या टोकाला जाऊन बसलो. कशाला आलो, ते कुणी विचारलं नाही. गोजरबाई मेथी बांधत होती. भाभीने कागद उघडले, मराठी. ती वाचू लागली.

गोजरबाईचे हात चालू होते. बाजार आला, जुड्या आल्या, हात चालूच. बारकी जुडी आली तेव्हा दातातला दोरा खाली पडला. तिने तो उचलला नाही. हात पाल्यात तसेच राहिले. भाभी वाचायची थांबली. सवयीने तिची पेन्सिल कागदावर गेली आणि ती ओळ खोडू लागली.

“खोडू नको,” गोजरबाई म्हणाली.

भाभीने पेन्सिल कागदावरून उचलली.

“मले समजलं नाही म्हनून नाही थांबली मी,” गोजरबाई म्हणाली. “वाच पुढं.”

भाभीने शेवटपर्यंत वाचलं. गोजरबाईने पदराने तोंड पुसलं, नाक पुसलं आणि ढिगातून मेथीच्या पाच-सहा काड्या वेगळ्या काढल्या.

“मले वाटे, कोनाले दिसत नसन.”

“माफ करा, माय. मी न इचारता...”

“माफ कायचं वं? वीस वर्सं एकटीच नेऊन ठेवत होती. दुसरं कोनी पाहून राह्यलं होतं, हे बरंच झालं ना.” मग जरा रागानेच म्हणाली, “पन तुह्या गोष्टीत पोरीले नावच नाही. लेकरू बिननावाचं असते का?”

“तुम्ही सांगा.”

खाली पडलेला दोरा उचलून तिने त्या काड्यांना गुंडाळला. “मंजुळा. लिही.”

भाभीने लिहिलं.

“अन् खाली तुहं लिही. लखनौच्या बाईचं कायले? मी काय लखनौले भाजी इकते?”

म्हणजे बेगमेची बातमी हिच्यापर्यंत पोचली होती! माझ्या खिडकीशी बोललेलं गावभर होतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. उर्दू कागद चुलीत गेले. भाभीने संपादिकाबाईंना चार ओळी लिहिल्या : गोष्ट माझीच आहे, भीतीने खोटं बोलले, पटलं तर छापा. संध्याकाळी त्या पाकिटावर मी शिक्का मारला, तारीख स्वच्छ उमटेल असा, हलक्या हाताने.

बाईंना पटलं. दिवाळीच्या आठवड्यात अंक आला तो मीच समोर नेऊन दिला. पहिल्या पानावर गोष्ट होती आणि तिच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘जहांआरा’. अनुवाद हा शब्द कुठेच नव्हता. भाभी ते पान नुसतं हातात धरून राहिली. मला मत्सर वाटेल असं वाटलं होतं. वाटला, पण घटकाभरच. त्यानंतर जे वाटलं ते फार बरं होतं.

ओसरीवर बसलेल्या गोजरबाईने हात घागरीतल्या पाण्याने धुतले, पुसले आणि मासिक मांडीवर घेतलं.

“कुठी हाय थे?”

भाभीने तिचं बोट धरून ‘मंजुळा’ या शब्दावर ठेवलं. गोजरबाई वाकून बघत राहिली. बोटाखाली तो शब्द सबंध झाकून गेला होता. तिने बोट हळूच बाजूला केलं, बघितलं आणि पुन्हा ठेवलं.

“इवलंसं हाय ना बाई.”

“हो, माय.”

“इवलीशीच होती माही,” ती म्हणाली आणि तिने बोट उचललं नाही.