बेव्ह पिशव्या आणायला जायची

बेव्हर्ली हॅलम गेली त्याला नऊ महिने झाले. यॉर्कशायरमधल्या आमच्या या गावात चाळिशीच्या पुढचं कुणीही तिला ओळखतं, कारण पंधरा वर्षं गावातली सगळी गाणी तिच्याच हातून घरोघरी गेली. हाय स्ट्रीटवरच्या मोठ्या दुकानात ती सीडीच्या काउंटरला होती. मी समोरच्या, वह्या-पेनांच्या काउंटरला. आमच्या मधे गोळ्या-चॉकलेटचे डबे होते आणि त्यांच्या वरून आमचं बोलणं चालायचं.

बेव्ह ठेंगणी, चष्मा साखळीला अडकवून गळ्यात. गिऱ्हाईक आठ वर्षांचं असो की ऐंशीचं, ती त्याला "राजा" म्हणायची. गाण्याचं नाव कुणाला सांगता येत नसे. "ते नाही का, त्यात ती बाई दोनदा ओरडते आणि मग ढोल वाजतो," असं सांगत लोक यायचे. बेव्ह हात न थांबवता म्हणायची, "तिसरी रांग, निळं कव्हर. आणि राजा, ओरडते ती बाई नाही, बाप्या आहे."

तेव्हा रविवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला रेडिओवर त्या आठवड्यात सगळ्यात जास्त खपलेल्या गाण्याचा पहिला नंबर जाहीर व्हायचा. सोमवारी सकाळी दुकान उघडण्याआधी बेव्ह एक ते चाळीस नंबरांचा रॅक नव्याने लावायची. चढलेलं डोळ्यांसमोर, पडलेलं खालच्या टोपलीत, अर्ध्या किमतीत. "चढायला सहा दिवस, उतरायला एक सोमवार," असं ती दर सोमवारी म्हणायची. मला ते पाठ झालं होतं.

तिला एकच मुलगी, लियान. चॅपलमध्ये लहानपणापासून गायची. मी इथे आले तेव्हा माझी कुणाशी ओळख नव्हती, म्हणून बेव्ह मला तिथल्या सुगीच्या सणाला घेऊन गेली. नऊ वर्षांची लियान एकटी उभी राहून गायली. भजन परक्या देवाचं होतं, पण माझे हात आपोआप जोडले गेले.

एकोणिसाव्या वर्षी लियानला लंडनच्या एका कंपनीने तीन मुलींच्या बँडमध्ये घेतलं. बँडचं नाव 'लेमन लेन'. पहिलं गाणं 'मंगळवारी विचार'. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये ते बाजारात येणार होतं. जानेवारीपासून बेव्हने कामाला सुरुवात केली. तिला आतलं सगळं ठाऊक होतं. पहिला आठवडा महत्त्वाचा, सोमवार ते शनिवार. आमच्या काउंटरवर यंत्राने 'पीक' आवाज केला की ती एक विक्री मोजली जाते. एकाच माणसाने दहा घेतल्या तर मोजणारे शंका घेतात आणि सगळ्याच काढून टाकतात. म्हणून तिने नवऱ्याच्या बोलिंग क्लबला, चॅपलच्या बायकांना, सगळ्या नातेवाइकांना बजावलं, "एकेकाने एकच घ्यायची. एकदम लोंढ्याने येऊ नका. आणि आल्यावर माझ्याशी ओळख दाखवू नका."

"तुझ्याशी ओळख न दाखवणं मला कायमच जमेल," तिची नणंद एडना म्हणाली होती. लियानची आत्या. सगळे हसले होते.

गाणं येण्याच्या तीन आठवडे आधी लियान बॅग घेऊन घरी परत आली. कंपनीने तिला काढलं होतं. ती बाकीच्या दोघींपेक्षा वीतभर उंच होती. फोटोत पायरी दिसते, असं त्यांचं म्हणणं. तिच्या जागी ॲबी नावाची मुलगी घेतली, मापात बसणारी. पण गाणं आधीच गाऊन झालेलं, सीड्याही तयार झालेल्या. त्यामुळे कव्हर तेवढं नवीन छापलं. आत आवाज लियानचा, बाहेर चेहरा ॲबीचा. दुसरं कडवं पूर्ण लियान एकटीने गायली होती. याबद्दल कुठे बोलायचं नाही, असा कागद तिच्याकडून सही करून घेतला होता.

बेव्हने मला हे डब्यांच्या वरून नाही सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत सांगितलं, सँडविच हातात धरून. रडली नाही. म्हणाली, "लियान कुणाला सांगू नकोस म्हणतेय."

"आणि ते सगळे येणार त्यांचं काय?"

"येऊ देत. आता काय सांगू त्यांना?"

आणि ते आले. सोमवारपासून, एकेक करून, तिने शिकवलं होतं तसंच. क्लबचे म्हातारे टोपी डोळ्यांवर ओढून यायचे, आयुष्यात पहिल्यांदा असली सीडी घ्यायला. ओळख दाखवायची नाही म्हणून छताकडे बघत पैसे द्यायचे. बेव्ह पीक करायची आणि म्हणायची, "घे राजा." काही जण कव्हर निरखून बघायचे.

"आपली कुठली यातली?"

"मधली," बेव्ह म्हणायची.

"केस काळे केले होय?"

"केले."

एडना बुधवारी आली, बसने, गुडघा दुखत असताना. चष्मा पुसून कव्हर बघितलं. "बाई गं, काय रंगवलंय पोरीला! नाकसुद्धा बदललं. तुझ्या माहेरचं नाक गेलं ते एक बरं झालं."

"घे," बेव्ह म्हणाली आणि पीक केलं.

दुकानात त्या आठवड्यात तेच गाणं दिवसभर लावायचं असा वरून हुकूम होता. दर वीस मिनिटांनी. मी दुसरं कडवं ओळखायला शिकले, कारण ते सुरू झालं की बेव्ह काउंटर सोडून आत जायची. "पिशव्या आणते," म्हणायची आणि कडवं संपलं की प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर यायची. शनिवारपर्यंत काउंटरखाली इतक्या पिशव्या झाल्या की नाताळपर्यंत पुरल्या. मॅनेजर म्हणाला, "बेव्ह, आपण पिशव्या विकत नाही, सीड्या विकतो." ती हो म्हणाली आणि वीस मिनिटांनी परत आत गेली.

रविवारी सगळे क्लबात जमले. मी भजी करून नेली होती. लियान आली नव्हती. सर्दी झाली, असं बेव्हने सांगितलं. सात वाजायला आले आणि पहिला नंबर जाहीर झाला. 'मंगळवारी विचार'. म्हातारे उठून एकमेकांना मिठ्या मारायला लागले. एडनाने गुडघा विसरून टाळ्या पिटल्या. मग रेडिओवरच्या माणसाने तिघी मुलींना फोनवर घेतलं आणि नावं विचारली. टॅश, निकोला, ॲबी.

मिठ्या हळूहळू सुटल्या.

"आपली लियान बाथरूमला गेली असेल," एडना म्हणाली.

कुणी हसलं नाही. बेव्ह उठली. हातात भज्यांची बशी तशीच. "लियान नाही त्यात," ती म्हणाली. "चार आठवडे झाले. मधली दिसते ती वेगळी मुलगी आहे. आवाज तेवढा लियानचा आहे. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

मग एडना म्हणाली, "म्हणजे बसमध्ये धक्के खात मी आले ती कुणासाठी?"

बेव्हने बशी पुढे केली. एडनाने एक भजं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेव्हने रॅक लावला. त्या पोरींचं कव्हर डोळ्यांसमोर, एक नंबरवर. पुढच्या सोमवारी ते सहावर आलं, महिन्याने टोपलीत. लियान त्यानंतर कुठेच गायली नाही, चॅपलमध्येही नाही. चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. लग्न केलं, मोडलं. हॅलमांच्या घरात त्या गाण्याचा विषय कधी निघाला नाही. काही वर्षांनी आमचं दुकान बंद झालं. बेव्ह शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. मुलांना बटाटे वाढताना "घे राजा" म्हणायची. नवरा गेला, गुडघे गेले, शेवटी फुप्फुसं.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी लियान माझ्याकडे आली. चहा घेतला नाही. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. आत घराची कागदपत्रं, बेव्हच्या नवऱ्याचं, ट्रेव्हरचं, घड्याळ, आणि तळाशी ती सीडी. प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा फाडलेलं नव्हतं.

"आईने घेतली होती?" लियानने विचारलं.

"मला माहीत नाही. तेव्हा दिसली नाही."

"क्रिमेटोरियमवाले विचारतायत, कुठली गाणी लावायची. दोन भजनं सांगितली. बाहेर पडताना तिसरं लागतं." ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती. "हे लावावं असं मनात येतं. पण तिला आवडेल का? तिला ते ऐकवत नव्हतं."

"असं का म्हणतेस?"

"मला माहितीये."

मी जास्त विचारलं नाही. लाव म्हणाले. जपून ठेवलंय म्हणजे आवडत असणार, असं माझं साधं गणित.

तिने सीडी नेऊन दिली. तिथल्या बाईने परत केली. आता यंत्रात सीडी चालत नाही, गाण्याचं नाव सांगा, आम्ही कॉम्प्युटरवरून लावतो, असं म्हणाली. लियानने नाव सांगितलं.

इथे चूक माझी. मला ठाऊक होतं आणि मी विसरले. त्याच वर्षी पावसाळी ऑक्टोबरात त्या बँडचा अल्बम आला होता. त्यात दुसरं कडवं ॲबीकडून पुन्हा गाऊन घेतलं होतं. तो अल्बमही बेव्हने आणि मी विकला होता. आता कॉम्प्युटरवर मिळतं ते अल्बममधलं. लियानचा आवाज आहे तो त्या एकाच गाण्याच्या छोट्या सीडीवरच, आणि ती सीडी माझ्या गाडीत, लियानच्या पर्समध्ये पडली होती.

क्रिमेटोरियममध्ये चाळीसेक माणसं होती. भजनं झाली. मी मनात रामनाम घेत होते. पडदा सरकला, शवपेटी दिसेनाशी झाली आणि गाणं लागलं. पहिलं कडवं टॅशचं. मग दुसरं सुरू झालं आणि पहिल्याच शब्दाला मला कळलं. पातळ आवाज, नाकातला. दीडशे वेळा ऐकलेलं कान विसरत नाहीत.

मी लियानकडे बघितलं. ती समोर बघत होती. मागच्या बाकावरून एडना, आता नव्वदीला टेकलेली, मोठ्याने म्हणाली, "ऐका, आमची लियान. काय गळा आहे!" लोकांनी माना डोलावल्या. कुणी डोळे पुसले. दारात एकेक जण लियानचा हात हातात घेऊन म्हणाला, फार छान, आईला तुझ्या आवाजाने निरोप दिलास.

"थँक यू," लियान प्रत्येकाला म्हणाली. "क्लबात चहाला या."

आम्ही गाडीत बसलो. माझी गाडी जुनी, तिच्यात अजून सीडी चालते. मी किल्ली लावली, पण चालू केली नाही.

"तुला कळलं," ती म्हणाली.

"कळलं. माझीच चूक. मला आठवायला हवं होतं."

"असू दे. तिला काय कळणार होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि माझा खरा आवाज असता तर ती उठून गेली असती. मी बघितलं होतं. त्या बुधवारी मी दुकानात आले होते, लांब मासिकांपाशी उभी होते. माझं कडवं लागलं आणि ती काउंटर टाकून आत निघून गेली. गिऱ्हाईक उभं होतं समोर. वीस मिनिटांनी परत लागलं, परत गेली. मी घरी गेले. नंतर कधी गायले नाही." हे सगळं तिने गाडीचा पट्टा लावत सांगितलं, आवाज जराही न बदलता. जसं काही चष्म्याचा नंबर सांगावा.

"पिशव्या आणायला जायची," मी म्हणाले.

"हो. पिशव्या."

"लियान, तू त्या मागच्या खोलीत कधी गेली होतीस का?"

"नाही. का?"

"स्पीकर तिथे होता. दाराच्या वरती, मोठा. दुकानात गिऱ्हाइकांचा गोंगाट, पोरांची रडारड, गोळ्यांच्या डब्यांचा खुळखुळाट. काउंटरवर गाणं धड कळायचंसुद्धा नाही. आत नीट ऐकू यायचं. आम्ही जेवायला बसायचो तेव्हा कानठळ्या बसायच्या."

ती माझ्याकडे वळली.

"एकदा मला स्टेपलर हवा होता म्हणून मी मागोमाग गेले. ती खोक्यावर उभी होती. पिशव्या काखेत. कान स्पीकरला लावून."

"तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"मला काय ठाऊक तू बघितलंयस ते. मला वाटलं, तिने सांगितलं असेल."

लियानने पर्समधून सीडी काढली. वेष्टनाचा कोपरा नखाने खरवडला, पण ते निघेना. मी माझ्या किल्लीने फाडून दिलं. तिने सीडी यंत्रात सारली. टॅशचं कडवं झालं आणि मग तिचं आलं. आम्ही दोघी समोरच्या हिरवळीकडे बघत बसलो. पुढच्या अंत्ययात्रेच्या गाड्या येत होत्या.

कडवं संपलं. तिने बटण दाबून बंद केलं.

"बरा होता आवाज," ती म्हणाली.

"हो."

"खोक्यावर उभी होती?"

"सीड्यांच्या. रिकाम्या. एक पाय आत गेला होता."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "चल. एडना आत्या सगळी हॅमची सँडविचेस संपवेल."

मी गाडी सुरू केली. फाटकाशी वळताना तिने पुन्हा बटण दाबलं. गाणं पहिल्यापासून लागलं. क्लबपर्यंत सात मिनिटं लागतात. ते दोनदा वाजलं.