बिलकिस सिस्टरची शिकवणी

अमडापूरच्या शकूर पिंजाऱ्याची थोरली मुलगी नर्सिंगला जाणार हे कळलं, तेव्हा गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. लग्नाच्या वयाची पोरगी, परक्या माणसांच्या जखमा धुणार, रातपाळ्या करणार! शकूर गादीत कापूस भरता भरता सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. शेवटी एकदा त्यानं दाभण बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "तुमच्या घरी बाळंतपण अडलं का नर्सबाईले हाका मारता ना? मंग ते नर्सबाईबी कोणाची तं पोरगी असनच." आणि पुन्हा दाभण उचललं.

तीच ही बिलकिस. आज ती चाळिशी ओलांडलेली, बुलढाण्यातल्या एका दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात काम करणारी सिस्टर आहे. सलाईन, इंजेक्शन, औषधं ही कामं ती इतरांसारखीच करते. तिचा जीव रमतो तो दुसऱ्याच कामात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, मूठभर वजनाच्या बाळांना तोंडानं दूध प्यायला शिकवायचं.

शिकवायचं म्हणजे अक्षरशः शिकवायचं. असं बाळ चोखायला लागलं की गिळायचं विसरतं, गिळलं की श्वास घ्यायचं विसरतं. म्हणून सुरुवातीला पोटापर्यंत बारीक नळी घालून दूध देतात. नळी घालणं तसं लवकर होतं. ती काढता येईल इथवर बाळाला आणायला मात्र चिकाटी लागते. पुष्पाबाई नावाच्या जुन्या सिस्टरनी निवृत्त होण्याआधी बिलकिसला हे काम हाताला धरून शिकवलं आणि मग ते तिचंच होऊन गेलं.

गेल्या हिवाळ्यात वडनेर भोलजीची पूनम दवाखान्यात आली ती झटके येतच. रक्तदाब भयंकर चढलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन करून सातव्या महिन्यातच मुलगी बाहेर काढली. सव्वा किलोसुद्धा भरली नाही. पूनम अतिदक्षता विभागात, मुलगी काचेच्या पेटीत, आणि दोघींच्या मधल्या जिन्यावर पूनमचा नवरा गजेंद्र बसलेला. हार्वेस्टर चालवणारा धिप्पाड गडी, पण मुलीकडं बघायला आत यायचं त्याला धैर्य होईना. पूनमची आई जनकाबाई तेवढी पाय रोवून उभी होती. लेक शुद्धीवर आल्यापासून ती डॉक्टरांना विचारून तिचं दूध वाटीत काढायची आणि पदराआड धरून वरच्या मजल्यावर पोचवायची. सुरुवातीला वाटीचा तळही भिजत नसे.

मुलगी जरा स्थिर झाल्यावर बिलकिस जिन्यावर गेली.

"गजेंद्रभाऊ, चला आत. पोरीले छातीशी घ्या लागते."

तो दचकला. "मी? मी काय करू सिस्टर? माह्यापाशी दूध थोडीच आहे?"

"ऊब तं आहे ना? सध्या तिले तेच पाह्यजे. पूनमले उठता येईपर्यंत तुमीच तिची माय."

गजेंद्र खुर्चीत रेलून बसला. बिलकिसनं मुलीला त्याच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, मान एका बाजूला केली, वरून दोघांभोवती कापड गुंडाळलं. तो श्वासही जपून घेत होता. थोड्या वेळानं त्याचे डोळे वाहायला लागले. पुसायला हात मोकळा नव्हता, तेव्हा बिलकिसनंच पुसले.

"छकुली म्हणतो मी हिले," तो म्हणाला.

बिलकिस त्याच्या शेजारी बसून रोज छकुलीची शिकवणी घ्यायची. धुतलेल्या बोटानं गालावरून ओठाकडं हलकेच फिरवायचं, ओठांच्या कडा चाळवायच्या, मग करंगळीचं टोक जिभेवर ठेवून वाट पाहायची. आधी छकुली नुसतं तोंड वाकडं करायची. मग जीभ हलायला लागली. एके सकाळी तिनं करंगळी अशी ओढून धरली की बिलकिस मोठ्यानं हसली आणि शेजारच्या सिस्टर वळून बघायला लागल्या.

डॉक्टर निशिगंधा रोज तपासून जायच्या. वजन चढायला लागलं, श्वास सुधारला, तसं त्या म्हणाल्या, "बिलकिसताई, आता बोंडल्यानं थोडं थोडं देऊन बघू."

नेमक्या त्याच दिवशी पूनमला पहिल्यांदा चाकांच्या खुर्चीवरून वर आणलं. सुजलेला चेहरा, हाताला पट्ट्या. आपलं लेकरू ती पहिल्यांदाच बघत होती. बिलकिसनं छकुलीला अर्धवट बसतं धरलं आणि बोंडल्याची, म्हणजे दूध पाजायच्या छोट्या वाटीची, चोच ओठाला लावली. पहिला थेंब आत गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला छकुली अडखळली. दूध ओठाच्या कोपऱ्यातून वाहिलं, चेहरा निळसर पडला.

बिलकिसनं बोंडलं तत्काळ दूर केलं, तिला पुढं झुकवून पाठ चोळली. डॉक्टर निशिगंधा धावत आल्या. छकुलीनं श्वास घेतला, रंग परतला, आणि ती बारीक आवाजात रडली. कक्षातल्या लोकांसाठी हे नवं नव्हतं. पूनमसाठी होतं.

"नोको," पूनम खुर्ची मागं ढकलत म्हणाली. "नळीच राहू द्या. मले नाही शिकवाचं काही."

"पहिल्या खेपेले असं होते पूनम."

"माह्या हातून मरन ती! तुमीच सांभाळा तिले!"

दुसऱ्या दिवशी ती वर आलीच नाही. त्यातच गावाकडच्या कोणीतरी फोनवर सल्ला दिला आणि गजेंद्र प्लास्टिकची बाटली घेऊन हजर झाला. बिलकिस रागावली नाही. तिनं बाटलीत पाणी भरून ती त्याच्यासमोर उलटी धरली.

"पाहा, कशी धार लागली. आपली छकुली एक घोट गिळून दम खाते. अशी धार तोंडात आली तं ते दम कवा खाईन?"

गजेंद्रनं बाटली पिशवीत घातली ती परत काढली नाही.

पूनमचं मात्र कोडं होतं. बिलकिस पाळी संपल्यावर तिच्या खाटेशी जाऊन बसली. समजूत घालायची असं ठरवून गेली होती, पण पूनमचा चेहरा बघून तिच्या अंगावरचं पांघरूण नीट करत बसली. शेवटी पूनमच बोलली.

"सिस्टर, ते माह्या पोटात होती तवाच मी तिले तरास दिला. माह्या बीपीनं बाहीर काढली तिले."

"बीपी का तू बाजारातून आणला होता?" बिलकिस म्हणाली. "हे पाय पूनम, उद्या तू तिले दूध पाजू नोको. पाजाचंच नाही. आधी सारं दूध वाटीत काढून टाक, मंग तिले नुसतं अंगाशी घे. चोखलं तं चोखलं, झोपली तं झोपू दे. दूधच नसन तं ठसका कसा लागन?"

पूनमनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "खरंच?"

"अन् मी बाजूलेच बसतो."

तसंच झालं. रिकाम्या स्तनाशी छकुलीला धरलं. पहिल्या दिवशी ती नाक घासून झोपून गेली. पुढं तिनं ओठ लावले, सोडले, पुन्हा लावले. दूध अजून नळीनंच जात होतं, पण ते पोटात उतरत असताना तोंड आईच्या छातीशी असायचं. पूनमचा ताठलेला खांदा हळूहळू सैल झाला. जनकाबाईची वाटी आता काठोकाठ भरायला लागली.

मग एका दुपारी बिलकिस म्हणाली, "आज सारं नोको काढू. थोडं राहू दे."

पूनमनं बिलकिस शेजारी बसली आहे ना, ते आधी पाहून घेतलं. बिलकिसनं मधलं बोट छकुलीच्या हनुवटीखाली टेकवलं, गालांना आधार दिला. छकुलीनं तोंड उघडलं, घट्ट धरलं, ओढलं. एकदा, दोनदा. आणि मग गळ्याशी बारीकसा आवाज आला. गटक. छकुली थांबली. पूनमनं तिला दूर करायला हात हलवला.

"हालू नोको. दम खाऊन राह्यली ते."

छकुलीच्या नाकपुड्या हलल्या. दम घेऊन झाला आणि ती आपणहून पुन्हा ओढायला लागली. गटक.

"गिळलं!" पूनम ओरडली. "माय, गिळलं वं हिनं!"

दाराशी उभी असलेली जनकाबाई हातातल्या वाटीसकट आत आली. बिलकिसचा हात हनुवटीखाली तसाच होता. इतक्या वर्षांत किती बाळांचा हा आवाज तिनं ऐकला होता, तरी छाती भरून आली ती आलीच. त्या संध्याकाळी तिनं अमडापूरला फोन लावला आणि म्हणाली, "अब्बा, आज एका पोरीनं पहिला धडा पाठ केला." शकूर आता थकला आहे, त्याला कमी ऐकू येतं. पण हे त्याला बरोबर ऐकू आलं. "मास्तरीण कोन होती?" त्यानं विचारलं आणि स्वतःच खुशीत हसला.

नळी निघाली. काही दिवस अंगावर आणि बोंडल्यानं, मग नुसतं अंगावर. वजन रोज थोडं थोडं चढत गेलं आणि छकुली आईच्या छातीशी बांधलेली वडनेर भोलजीला गेली.

सोयाबीन कापणीला यायच्या आधी गजेंद्रचा फोन आला. छकुलीचं उष्टावण होतं. "मामाच्या हातचा पहिला घास असते, पण पूनमले भाऊ नाही. तिची माय म्हणते, बिलकिस मावशीच पाह्यजे."

बिलकिस सुट्टी काढून गेली. अंगणात पाट मांडला होता. छकुली गुबगुबीत होऊन जनकाबाईच्या मांडीवर बसलेली. बिलकिसनं खिरीचं बोट तिच्या ओठाला लावलं. छकुलीनं चाटलं, विचारात पडल्यासारखं तोंड केलं, गिळलं, आणि बिलकिसचं मनगट धरून बोट पुन्हा तोंडाकडं ओढलं. सगळ्या बाया हसल्या.

शेजारची गोजरबाई पूनमला म्हणाली, "हे बाई कोण वं?"

"हिनंच छकुलीले दूध प्याले शिकवलं."

"दूध प्याले का कोणाले शिकवा लागते?"

"लागते तं!" पूनम तिच्याकडं वळूनच बसली. "लहान लेकराले गिळनं अन् दम घेनं संग जमत नाही, काकू. आधी अंगाशी धरा लागते. मंग असं गालावरून बोट फिरवा लागते, वरून खाली नाही, ओठाकडं. अन् त्यानं दम खाल्ला तं आपण थांबा लागते, घाई नाही कराची..."

बाया पुढं सरकल्या. पूनम हनुवटीला आधार कसा द्यायचा ते हातानं दाखवत होती, जराही न चुकता. पुढ्यातल्या खिरीच्या वाटीकडं बिलकिसचं लक्ष नव्हतं. ती नुसती पूनमकडं बघत बसली होती, धडा ऐकणाऱ्या मास्तरणीसारखी मान ताठ करून.