म्माथाबोच्या दारात आलेला डबा

म्माथाबोच्या टीव्हीसमोर कोणी कुठे बसायचं, हे म्माथाबो ठरवायची. सोफ्यावर पाद्र्याची बायको, खुर्च्यांवर शाळेतल्या बाई आणि नर्स, आणि शेजारची दिसेबो उंबऱ्यात. पंधरा वर्षं उंबऱ्यात! "दिसेबो, सरक गं जरा, वारा अडतोय," असं म्हणायची आणि बाकीच्या खिदळायच्या. बोट्शाबेलोच्या आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही तिचा, त्याचीच सगळी मिजास.

मग सरकारने जुनं प्रक्षेपण बंद केलं. एका सकाळी पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"छत्री बसवून घे," नर्स म्हणाली, "पण मग दर महिन्याला भरत बसावं लागतं."

"त्यापेक्षा सुटा सेट-टॉप डबा बरा," दिसेबो उंबऱ्यातून म्हणाली. "जुन्याच टीव्हीला लागतो, छपरावरची अँटेनाही चालते. आणि गरिबांना तर सरकार फुकट बसवून देतंय. मी दिलंय नाव."

"दिलंस? भिकाऱ्यांच्या रांगेत उभी राहिलीस?" म्माथाबोने नाक मुरडलं. "बाई बाई! मी तर जीव दिला असता. माझा थाबो वेल्कमच्या खाणीवरून भिंतीवर टांगायचा टीव्ही पाठवतोय, म्हटलं."

कसला पाठवतोय! थाबोची खाण बंद पडून आठ महिने झाले होते आणि पोरगा आईचा फोनही उचलत नव्हता.

आतल्या खोलीत तिचा नवरा, न्ताते मोखेले, म्हणजे मोखेलेबाबा, पडून असायचा. सव्वीस वर्षं जमिनीखाली काढली, धुळीने फुप्फुसं खाल्ली. खाट अशी लावलेली की दारातून टीव्ही दिसावा. त्याला आता एकच नाद उरला होता, त्याच्या फुटबॉल संघाचा. नऊ वर्षांनी संघ अंतिम सामन्यात पोचला होता. "शनिवारपर्यंत होईल ना गं काहीतरी?" असं दिवसातून दहादा विचारायचा. पुढचा सामना बघायला आपण असू की नाही, हे त्याला डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

नवऱ्यावर तिचा जीव होता, हे मात्र खोटं नाही. म्हणून एक दिवस तिने डोक्याचं फडकं भुवयांपर्यंत ओढलं आणि टॅक्सीने थेट थाबान्चू गाठलं. तिथे कोण ओळखतंय! टपाल कार्यालयात गरिबांच्या रांगेत अडीच तास उभी राहिली आणि नाव दिलं: सेल्वाने रांत्शो. लग्नात गुरं दिली-घेतली गेली, पण कचेरीत जाऊन नाव बदलायला कोण जातं? ओळखपत्रावर अजून माहेरचंच. सासरी पाऊल टाकलं त्या दिवशी सासूने म्माथाबो, म्हणजे थाबोची आई, असं नाव ठेवलं, थाबो पोटात यायच्या आधीच, आणि गल्लीला तेवढंच ठाऊक. सेल्वाने म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं आणि ते आतल्या खाटेवर होतं.

"शुक्रवारी येईल माणूस," तिने त्याच्या कानात सांगितलं. "कुणाजवळ बोलायचं नाही."

माणूस आला गुरुवारी. गुरुवार म्हणजे बायकांच्या प्रार्थनेचा दिवस. लाल झंपर, पांढऱ्या टोप्या, घरभर बायका, ताटात तळलेल्या गरम माक्वेन्या, आणि दारात शिडी लावलेली गाडी.

"सेल्वाने रांत्शो इथेच राहतात ना? सरकारी डबा बसवायचाय. फुकटवाला."

पाद्र्याच्या बायकोने चहाचा कप खाली ठेवला.

"इथे तसं कुणी नाही," म्माथाबो म्हणाली.

"घर क्रमांक तर हाच आहे, म्मे."

"चुकला असेल. अशा बायका कुणाचाही पत्ता देतात."

तेवढ्यात आतून खाट करकरली. "सेल्वाने!" न्ताते मोखेलेने होता नव्हता तेवढा दम गोळा केला होता. "अगं सेल्वाने, आला बघ डबा! ये म्हणावं त्याला आत!"

दिसेबोने मान वळवून आधी आतल्या दाराकडे आणि मग म्माथाबोकडे पाहिलं. अगदी सावकाश पाहिलं. "ही कोण गं सेल्वाने?"

एक शब्द बोलायचा होता. एकच! पण त्या बाईची जीभ भलतीकडेच वळली.

"औषधाची गुंगी," ती हसून म्हणाली. "डोकं ठिकाणावर नाही हो त्यांचं. काहीबाही बरळतात. कुणा कुणा बायांची नावं घेतात." आणि तिने उठून आतलं दार ओढून घेतलं.

बायका कुजबुजल्या. माणसाने कागदावर काट मारली. आतून हाका येतच होत्या, मग खोकला. म्माथाबोने भजन सुरू केलं आणि खोकला ऐकू येईनासा होईपर्यंत आवाज चढवत नेला.

बायका गेल्यावर ती अनवाणी चौकापर्यंत धावली. गाडी केव्हाच गेली होती. फोनवर उत्तर मिळालं, नाव पुन्हा द्या, दोन महिने लागतील.

शनिवारी दुपारी दिसेबोच्या घरी सरकारी डबा लागला होता आणि अर्धी गल्ली तिच्याकडे. दिसेबो कुंपणाशी आली.

"न्तातेंना आण की उचलून. जागा आहे माझ्याकडे." थांबून म्हणाली, "उंबऱ्यात."

म्माथाबोने दार लावून घेतलं. ती खाटेच्या कडेला बसली. मुंग्यांचा टीव्ही तिने फडक्याने झाकला होता. भिंतीपलीकडे गल्ली एकदम ओरडली, नाचली, भांडी बडवली.

"गोल झाला वाटतं," ती म्हणाली. "तुमच्याच संघाचा असेल. अहो? ऐकताय ना?"

तो छताकडे बघत होता. मग त्याने ओठ हलवले. ती वाकली. शिवी दिली असती तरी तिला चाललं असतं.

"म्माथाबो," तो म्हणाला, "पाणी दे."

उरलेले अकरा दिवस तो तिला त्याच नावाने हाक मारत होता.