घरांची तब्येत बघणाऱ्या आत्या

लोक दुसऱ्याच्या घरी जातात ते तिथल्या माणसांना भेटायला. माझ्या बायकोच्या आत्या आधी घराला भेटतात. माणसं नंतर, वेळ उरला तर. दारातून आत आल्या की चपला काढतात, पर्स खुर्चीवर ठेवतात आणि पश्चिमेकडच्या भिंतीला तळहात लावून डोळे मिटून उभ्या राहतात. यजमान पाण्याचा पेला हातात घेऊन ताटकळतो. मग आत्या डोळे उघडतात, आजाऱ्याच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतात तशा आवाजात "तापलीय, पण फार नाही," असं सांगतात आणि मगच पाणी पितात. वडखळला एका लग्नात त्यांनी हाच प्रकार कार्यालयाच्या भिंतीशी केला. हाताला नीट अंदाज येईना म्हणून गाल टेकवला. वरमाईला वाटलं, बाईंना घेरी आली. दोघीतिघी बायका कांदा फोडून धावत आल्या. आत्यांनी नाकाशी आलेला कांदा शांतपणे बाजूला केला आणि विचारलं, "या हॉलला वर नुसता पत्राच आहे का हो?"

त्यांनी पुण्यातल्या एका कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर बाकीचे प्राध्यापक सकाळी फिरायला जाऊ लागले, तेव्हा आत्या एका संशोधन संस्थेच्या कामावर रुजू झाल्या. त्या कामासाठी पेणमधली आमची आळी निवडली गेली होती. जुन्या घरांची दुरुस्ती करायची, छताला उष्णता अडवणारा थर द्यायचा, खिडक्यांवर छज्जे काढायचे, वर सौर पॅनेल बसवायची आणि मग वर्षभर बघायचं, की सगळी आळी मिळून वापरते त्यापेक्षा जास्त वीज तयार करते का. इथं जमलं तर रोह्याच्या एका जुन्या कामगार वसाहतीत हेच काम होणार होतं. दुरुस्ती दुसऱ्यांनी केली. ती लागू पडली की नाही, हे मोजायला आत्या आल्या आणि अर्थातच आमच्याकडे राहिल्या. भाची गावात असताना लॉजवर राहिल्या असत्या तर आम्हाला आळीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. मोजायच्या घरांपैकी एक भाचीचं आहे, हे त्यांनी संस्थेला आधीच कळवलं होतं. संस्थेनं हरकत घेतली नाही. म्हणून ती आत्यांनी स्वतः घेतली.

म्हणजे असं, की सकाळी आमच्याच स्वयंपाकघरात पोहे खाऊन त्या बाहेर पडायच्या, चार घरं फिरायच्या आणि मग आमच्या दाराची कडी वाजवायच्या. दार उघडं असलं तरी वाजवायच्या. मी पुढं झालो, की न्याहारीला "जावईबापू, लिंबू पिळा," म्हणणाऱ्या त्याच बाई मला म्हणायच्या, "नमस्कार. आपण घरमालक का? गेल्या आठवड्यात आपल्याकडे इस्त्री कितीदा वापरली गेली?"

पहिल्यांदा मी हसलो. आत्या हसल्या नाहीत.

"आमच्याकडे एक पाहुण्या आल्यात," मी म्हणालो. "त्या रोज साडी इस्त्री करून नेसतात."

"पाहुण्या किती दिवस राहणार आहेत?"

"ते विचारायची आमची हिंमत नाही."

आत्यांनी तसंच लिहून घेतलं असणार. कारण दुसऱ्या दिवसापासून त्या साडी घडी करून गादीखाली ठेवू लागल्या.

त्यांच्यापुढे विशेषण वापरायची सोय नव्हती. पेणच्या वैशाखात माणूस "फार उकडतंय" एवढंच म्हणू शकतो. आत्या लगेच विचारायच्या, "फार म्हणजे किती? कालच्यापेक्षा जास्त? आणि कुठल्या खोलीत?" शेवटी आमच्या घरात उकडण्याबद्दल बोलणंच बंद झालं. सगळे मुकाट्यानं घाम पुसायचे. पंख्यांच्या बाबतीत तर त्यांचा हात विजेपेक्षा चपळ होता. शेजारच्या सत्यनारायणाला माणसं आरतीसाठी उठली आणि रिकाम्या सतरंजीवर पंखा फिरताना दिसला, तशी आत्यांनी तो बंद केला. त्याच पंख्याखाली कोपऱ्यात गुरुजी बसले होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गुरुजींनी आरती घामाघूम होऊन संपवली, पण मोठ्या मनानं बोलले काही नाहीत. आत्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि जाता जाता त्यांच्या देवघराची भिंत तपासून दिली.

एवढं सगळं असूनही आळीला आत्या आवडायच्या. कारण आळीला त्या निकालाच्या बाई वाटायच्या आणि निकाल चांगलाच लागणार याची सगळ्यांना खात्री होती. आळीच्या तोंडाशी राहणारे तात्या तर एवढे उत्साहात, की त्यांनी आधीच "वीज पिकवणारी आळी" असा बोर्ड रंगवून आणला. सत्काराला नारळ कोण आणणार, तेही ठरलं.

घोडं अडलं मंदाताईंच्या घराशी. मंदाताईंचं आळीच्या टोकाला घर आणि घरातच गणपतीचा कारखाना. खाली मूर्ती, वरच्या माळ्यावर रंगकाम. दुरुस्तीनंतर त्या एका घराचा विजेचा वापर उतरायच्या ऐवजी इतका चढला, की सगळ्या आळीची बेरीज थोडक्यात उणे व्हायला लागली. आत्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. यंत्र बदललं. आकडा तोच. मग त्या स्वतः भर दुपारी माळ्यावर जाऊन बसल्या. मी त्यांना डबा द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं मी ऐकलं.

माळ्यावर बायका ओळीनं बसून मूर्तींचे डोळे रंगवत होत्या. वर पंखे, समोर दिवे.

"दुरुस्तीच्या आधी दुपारी किती दिवे लागायचे?" आत्यांनी विचारलं.

"दुपारी?" मंदाताई हसल्या. "दुपारी हितं कोन बसनार, आत्या? पत्रा असा तापायचा का घाम टपकून मूर्तीच्या डोळ्यात जायचा. आमी खाली पडवीत बसून रहायचो, ऊन उतरंपर्यंत. आता सावलीसारखं वाटतंय तर दुपारचंपन काम व्हतंय."

आत्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "म्हणजे आधी वीज वाचत नव्हती. तुम्ही थांबत होता."

आठवड्याभरानं मुंबईहून संस्थेचे साहेब आले. आमच्याच बैठकीच्या खोलीत बसले. चहा झाल्यावर म्हणाले, "मॅडम, सोपं आहे. तो कारखाना आहे, घर नाही. वगळून टाका. बेरीज अधिकमध्ये येते."

"घरं निवडताना तो कारखाना नव्हता का?" आत्या म्हणाल्या. "फोटो काढायला तुम्ही आधी तिथंच गेला होतात."

"फोटोचं वेगळं असतं."

"घर बरं झालं म्हणून बायका दुपारी कामाला बसल्या. ती चूक म्हणून खोडू?"

साहेब चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "रोह्याची माणसं पत्र्याखाली भाजताहेत. तुमचा आकडा उणे गेला, तर त्यांचं काम लांबेल. हे तुम्ही त्यांना सांगणार आहात का?"

आत्या कपबश्या उचलून आत गेल्या. संध्याकाळी मंदाताई स्वतः आल्या. "आत्या, आमचं घर काढा की यादीतनं. आळीचं नाव व्हतंय, रोह्याच्या लोकांचं काम व्हतंय. आमाला काय राग नाय."

"तुम्ही कुठं राहता, मंदाताई?"

"हितंच की, आळीत."

"मग काढू कुठून?"

सकाळी आत्या मला म्हणाल्या, "जावईबापू, आज सुट्टी काढाल का? मला रोह्याला जायचंय. एकटीनं जायला धीर होत नाही." आम्ही एसटीनं गेलो. वसाहतीच्या अंगणात माणसं जमली. आत्यांनी काही न लपवता सांगितलं: आकडा थोडा उणे आलाय, तो का आलाय, आणि त्यामुळं इथलं काम कदाचित लांबेल. दोनचारजण वैतागले. एकजण तर "मग आमच्या हितं कशाला आलात?" असं म्हणून निघून गेला. मागं उभा असलेला, कंपनीत शिफ्टला जाणारा एक माणूस मात्र पुढं आला.

"नाइट करून आल्यावर दुपारची झोप लागंल काय, तेवढं सांगा."

"लागेल," आत्या म्हणाल्या. "ते मोजलंय."

"मंग तसंच लिवा. पंखा आमी जास्त वेळ लावनार, हेपन लिवा. उगाच नंतर आमच्या नावानं बोंब नको."

परतताना आत्या खिडकीशी बसून होत्या. कोरड्या डोळ्यांनी रडणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यांनी सगळी घरं धरून, कारणांसकट अहवाल दिला. सत्कार रद्द झाला. तात्यांनी बोर्ड पडवीत उलटा करून ठेवला आणि आत्या समोरून आल्या की ते पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. आळीतल्या आणखी काही घरांनी चहाला बोलावणं बंद केलं. अहवाल दिल्यावरही आत्यांनी मोजणी तशीच चालू ठेवली. फक्त कडी वाजवताना त्या पूर्वीपेक्षा हळू वाजवायच्या. रोह्याचं काम खरंच लांबलं. एक अख्खा उन्हाळा ती माणसं तशीच भाजली. त्या उन्हाळ्यात आत्यांनी घरात उकडण्याचा विषय एकदाही काढला नाही. नंतर मंजुरी आली आणि साहेबांचाच फोन आला. घरं हातात घेण्याआधी तिथले लोक आजवर कशाकशावाचून राहिलेत, ते विचारून ठेवायचं आहे, आणि हे विचारायला त्यांना आत्याच हव्या होत्या.

आत्या रोह्याला गेल्या. वसाहतीजवळ एक खोली भाड्यानं घेतली. आम्ही मध्ये भेटून आलो. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह आणि बाकी सगळी यंत्रं. त्या थोड्या वाकल्यासारख्या वाटल्या. शिफ्टवाल्याच्या घरी आता दुपारी झोपेसाठी दार लोटलेलं असतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. निघताना बायको म्हणाली, "आत्या, हे संपलं की आमच्याकडेच राहा आता. कायमच्या."

आत्यांनी कॉटवरची चादर नीट केली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "घरातलं सगळं कळतं गं मला. घर करायचं तेवढं राहून गेलं. आता जमेल का, कुणास ठाऊक." आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

त्या गोष्टीला वर्ष उलटून गेलं. वसाहतीत अजून एक उन्हाळा मोजायचा आहे, असं त्या फोनवर सांगतात. गेल्या वर्षीही हेच सांगत होत्या. मागची खोली आम्ही रिकामीच ठेवली आहे. बायको रोज सकाळी तिथली खिडकी उघडते आणि ऊन चढायला लागलं की आठवणीनं लावून घेते.